पाहुण्यांपुरतं घर

अक्षर वाईट आहे, त्याची माफी आधीच मागून ठेवते. ऱ्हस्व-दीर्घही जिथे हात वळला तसे दिले आहेत. माझी शाळा चौथीत सुटली. गुरुजी घरी येऊन म्हणाले होते की हिचं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे. घरच्यांनी ते मनावर घेतलं आणि शाळा बंद करून कोंबड्याच माझ्याकडे दिल्या.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा कष्टकरी भगिनींचे अनुभव छापायचे आहेत. मंडळाच्या बाईंचा फोन आला, "तुम्ही लिहाच हं. तुमच्यासारख्यांनी लिहिलं पाहिजे." तुमच्यासारख्या म्हणजे कशा, ते मी विचारलं नाही. लिहिते आहे, पण देणार नाही. ज्यांच्या घरांबद्दल लिहायचं, त्याच बायका तो अंक वाचतात. त्यांतल्या एक-दोघी अजून रस्त्यात ओळख दाखवतात, ती कशाला घालवा.

माझ्या कामाला नाव नव्हतं. शिवणकाम म्हणावं तर मी ब्लाउज कधी शिवला नाही. सजावट म्हणावी तर फुगे कधी फुगवले नाहीत. पाहुणे येणार असले की लोक मला बोलवायचे आणि पाहुणे गेले की विसरायचे, एवढंच माझं काम.

पाहुणे यायचे म्हटलं की पगारदार घराला घाम फुटतो. भिंतीला पोपडे, सोफ्याचा एक हात उसवलेला, एका सेटमधले चार कप आणि दुसऱ्या सेटमधले दोन. नवं घ्यायला पैसे नसतात आणि आहे ते दाखवायला धीर नसतो. या दोहोंच्या मधे जी फट राहते, तिथे माझं शिलाई मशीन बसायचं.

मशीनचीच गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या मशीनमुळे झालं.

आम्ही वर्ध्याकडचे. यांच्या जुन्या साहेबांची बदली लखनौला झाली, त्यांनी यांना सोबत आणलं आणि बँकेत शिपाई म्हणून चिकटवून दिलं. साहेब दोन वर्षांत परत गेले, आम्ही राहिलो. विकास नगरात एका घराच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. शेजारी सुरैया आपा राहायच्या. त्यांचे मियाँ त्याच बँकेत ड्रायव्हर होते, ते वारले होते. फंडाचे पैसे आले, ते आपांनी धाकट्या लेकीच्या, नसरीनच्या लग्नासाठी ठेवले होते. मी हाताने झालरी शिवते हे त्यांनी पाहिलं आणि एक दिवस अडीच हजार रुपये माझ्या पदरात टाकले.

"मशीन ले लो, कुंदा. उंगलियाँ छलनी कर रखी हैं."

"आपा, लौटाऊँगी," मी म्हटलं. मराठी माणसाला पैसे घेतल्यावर एवढं तरी बोलावं लागतं.

"ऐसी बात मत करो," आपा म्हणाल्या, आणि तो विषय तिथे संपला. संपला म्हणजे पुढे दोन वर्षं तो कोणी उच्चारलाच नाही.

तुम्ही लखनौचे नसाल तर ही अडचण तुम्हाला कळायची नाही. आमच्या गावाकडे पैसे द्यायचे असले की माणूस दारात येऊन ओरडतो, शेजारी जमतात, काय असेल ते त्याच दिवशी निकालात निघतं. लखनौचा माणूस ओरडत नाही. तो तब्येत विचारतो. आपा फाटकाशी भेटल्या की म्हणायच्या, "क्यों, कुंदा, दुश्मनों की तबीयत नासाज़ तो नहीं?" पहिल्यांदा मला वाटलं, माझे कोणी दुश्मन आजारी पडलेत. नंतर कळलं की तुम्ही आजारी आहात असं म्हणणंसुद्धा इथे उद्धटपणाचं, म्हणून आजार दुश्मनांवर ढकलतात. त्याच्याही नंतर कळलं की या प्रश्नाच्या पोटात माझं मशीन आहे. मी म्हणायची, "ठीक है, आपा." त्या म्हणायच्या, "शुक्र है." आणि दोघी आपापल्या घरात जायचो. शिव्या परवडल्या असत्या.

नसरीनचं लग्न ठरलं की पैसे परत गेले पाहिजेत, हे मात्र मी पक्कं धरलं होतं. तोवर कामं घेत राहायचं.

त्या काळी घरात माणूस सोडून सगळ्याला कव्हर असायचं. टीव्हीला झालरीचं, मिक्सरला, फोनला, फ्रिजच्या मुठीलासुद्धा मोजा. एका बाईंनी माझ्याकडून टीव्हीचं मखमली कव्हर शिवून घेतलं आणि ते मळू नये म्हणून त्याच्यावर घालायला प्लास्टिकचं. टीव्ही पाहता कधी, असं मी विचारलं नाही. धंद्यात असं विचारायचं नसतं.

बाकी युक्त्या सगळ्या चार आण्यांच्या. मी काही लपवत नाही, कोणी मागेल त्याला सांगते. भिंतीला पोपडे असतील तर ट्यूबलाइट बंद करा आणि कोपऱ्यात चाळीसचा बल्ब लावा. त्याला पाहुणे मंद प्रकाश म्हणतात. लोखंडी ट्रंकेवर गोधडी, गोधडीवर जुनी काठाची साडी आणि दोन लोड ठेवले की तिचा दिवाण होतो. फक्त त्यावर बसलेला पाहुणा उठेपर्यंत आतले गरम कपडे काढता येत नाहीत. सरबत पातळ झालं असेल तर बर्फाच्या साच्यात पाण्याबरोबर डाळिंबाचे दाणे नि पुदिन्याचं पान गोठवा. लोक बर्फाकडे बघतात, सरबताकडे नाही. कप जुळत नसतील तर सरळ मातीचे कुल्हड आणा. न जुळणारे कप म्हणजे गरिबी आणि कुल्हड म्हणजे आवड. दोन्हींतला चहा तोच असतो.

आणि लाइट जाणार हे धरूनच चालायचं. पितळी परातीत पाणी, त्यात झेंडूच्या पाकळ्या आणि चार पणत्या, हे आधीपासून तयार ठेवायचं. लाइट गेली की घरवालीने "अय्या!" असं म्हणून ते बाहेर आणायचं. कित्येक घरांची अब्रू वीज खात्याने अशी राखली आहे.

यात एकदा मी तोंडावर पडले. पलीकडच्या सेक्टरमध्ये श्रीवास्तव म्हणून कचेरीतले बाबू होते. त्यांच्या मुलीला बघायला यायचे होते. श्रीवास्तवजींनी सोफा एका शेजाऱ्याचा आणला, गालिचा दुसऱ्याचा, काचेचं टेबल मेहुण्याचं. मला म्हणाले, "बहनजी, ऐसा लगना चाहिए कि हम हमेशा ऐसे ही रहते हैं." मी लावून दिलं. वेळेवर लाइटही गेली. पणत्यांच्या उजेडात ते घर इतकं खानदानी दिसलं की मुलाची आई म्हणाली, आम्हाला काही नको, घर पाहिलं, सगळं पोचलं. लग्न झालं. दिवाळीला जावयाचे वडील मिठाई घेऊन न सांगता आले. त्यांना लाकडी बाकावर बसवलं. ते बिचारे चारी बाजूंना सोफा शोधत होते. जाताना श्रीवास्तवजींना म्हणाले, "सब ख़ैरियत तो है? चोरी-वोरी तो नहीं हुई?" लखनौचे होते. त्यांनाही पुढचं बोलता आलं नाही.

तेव्हापासून मी ठरवलं, उसनं काही मांडायचं नाही. ज्याचं घर जेवढं आहे तेवढंच नीटनेटकं करून द्यायचं. स्वतः मी उसन्या पैशाच्या मशीनवर बसून हे ठरवत होते, ते सोडा.

यांच्या बँकेत जोगळेकर साहेब मॅनेजर होऊन आले. मूळचे पुण्याचे. जोगळेकर मॅडमना कळलं की शिपायाची बायको मराठी आहे आणि घर सजवून देते. मला बोलावलं. हसून म्हणाल्या, "बरं झालं बाई, आपलं माणूस भेटलं. आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. त्या "अच्छा" म्हणाल्या. साहेबांना चहा कपबशीत आला, मला स्टीलच्या पेल्यात. पेला चांगला मोठा होता. चहा जास्त मावतो.

मॅडमचं काम मात्र भरपूर असायचं. हळदीकुंकू, भिशी, साहेबांच्या मित्रांचं जेवण. हळदीकुंकवाला त्या मला म्हणायच्या, "कुंदा, तू स्वयंपाकघरातलं बघ हं, बाहेर गर्दी होते." मी बघायची. त्यांच्या वाणाच्या वाट्यांना मी रिबिनी बांधलेल्या असायच्या, त्या तेवढ्या बाहेर जायच्या.

त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी झाल्या. नसरीनचं लग्न दसऱ्याच्या सुमाराला ठरलं. आपांनी मला खीर दिली आणि बराच वेळ माझ्या दुश्मनांची तब्येत विचारली. माझ्याकडे तुरीच्या डाळीच्या डब्यात अर्धे पैसे साठले होते. ते तेव्हाच द्यावेत, तर "बाकीचे?" असं त्या विचारणार नाहीत आणि मी सांगू शकणार नाही, आणि तो न बोललेला शब्द आमच्यामध्ये आणखी फुगून बसेल. मी आपांच्या फाटकासमोरून जाणंच सोडलं. मागच्या गल्लीने, भाजीवाल्याच्या ठेल्याआडून यायची-जायची. यांनी एकदा विचारलं, "इतकं फिरून कशाला येतं वं?" मी म्हटलं, सावली आहे तिकडे. तिकडे उकिरडा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे झोनल ऑफिसचे मोठे साहेब जोगळेकरांकडे जेवायला यायचं ठरलं. साहेबांचं प्रमोशन त्यांच्या हातात होतं. मॅडमनी मला बसवून घेतलं, पेला भरून चहा दिला आणि म्हणाल्या, "निगम साहेब अस्सल लखनौचे आहेत. सोफ्याला काहीतरी इथलं कर. चिकनचं कर. पण बजेट सांभाळून हं."

चिकन म्हणजे इथलं पांढऱ्या धाग्याचं भरतकाम. हज़रतगंजच्या दुकानांतल्या किमती मॅडमच्या बजेटला पाहून हसल्या असत्या. मी जुन्या लखनौतल्या चौक बाजारात गेले. तिथल्या गल्ल्यांमध्ये एका म्हाताऱ्या मियाँजींकडे गठ्ठे पडले होते. कुठल्यातरी कारखानदाराची ऑर्डर बुडाली होती, माल किलोवर द्यायचा होता. कापड मळकं होतं, पण काम काय सुंदर! कापडावर निळ्या रंगात कैऱ्या नि वेली छापलेल्या आणि त्यावर पांढऱ्या धाग्याचे टाके. भाव इतका कमी की मी डाळीचा डबा आठवला. सोफ्याची कव्हरं तर होतीलच, उरलेल्यातून टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, रुमाल. ते विकून दसऱ्याच्या आत सगळे पैसे उभे राहतील. मी अर्ध्याचे पूर्ण करायला अर्धे घालवले आणि तीन गठ्ठे रिक्षात टाकून घरी आणले.

मॅडमनी कापड पाहिलं आणि खूश झाल्या. "हज़रतगंजमध्ये नुसतं पांढरं असतं गं. यात निळंपण आहे. म्हणजे भारीतलं दिसतंय."

"हो, दोन रंगांचं आहे," मी म्हटलं.

आम्ही दोघींनी मिळून ठरवलं की धुवायचं नाही. धुतल्यावर कापडाची कडक घडी जाते. वरवर ब्रश मारला, स्टार्च शिंपडून इस्त्री केली. सोफ्याच्या पाठीला मोठी, हातांना छोटी कव्हरं. खरंच खोली उजळली. मॅडम म्हणाल्या, "कुंदा, तुझ्यात कला आहे बाई." आणि स्वतःच्या कपांवरून हात फिरवत, "तू आज स्वयंपाकघरातलं बघ हं."

निगम साहेब आले. अंगापिंडाने भरलेले, पांढराशुभ्र मलमलचा कुर्ता-पायजमा, अत्तराचा वास. सोबत त्यांच्या मिसेस, बारीक आवाजाच्या. साहेब सोफ्यात बसले आणि मागे रेलले. लाइट गेली. कूलर थांबला. माझी परात बाहेर गेली, "अय्या!" झालं, सगळ्यांनी कौतुक केलं. पण पणतीने वारा येत नाही. उकाडा असा की भांड्यांनासुद्धा घाम फुटत होता. साहेब रेलून बसले होते आणि जोगळेकर साहेब त्यांना स्वतः पंख्याने वारा घालत होते, समोरून. पाठीला कोण घालणार?

लाइट आली. जेवायला उठायचं झालं. वाढायला हे होते, त्या दिवशी बँकेचा शिपाई म्हणून. पाण्याचा जग घेऊन ते स्वयंपाकघरात आले, दार लोटलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "कुंदे, त्या मोठ्या साहेबाच्या पाठीवर तुह्यं नक्षीकाम उमटलं."

मी फटीतून पाहिलं. पांढऱ्या मलमलवर मानेपासून कमरेपर्यंत निळ्या कैऱ्या. एक वेल तर खांद्यावरून जाऊन अगदी बरोबर मणक्यावर उतरली होती. दोन्ही कोपरांवर एकेक बुट्टी. शिक्का मारणाऱ्याने मापं घेऊन मारावं तसं.

आता सांगते, लखनौ काय आहे ते. त्या खोलीत दहाबारा माणसं होती. सगळ्यांनी पाहिलं. एकानेही सांगितलं नाही. साहेब पुरी घ्यायला वळले की समोरचे लोक छताकडे बघायचे. एकजण म्हणाला, "आज मौसम बड़ा रंगीन है." जोगळेकर साहेब घाबरून त्यांना गुलाबजामवर गुलाबजाम वाढत राहिले, म्हणजे ते बसून राहतील. आणि बसले की पाठीला आणखी रंग लागायचा. मिसेस निगमांनी नवऱ्याची पाठ पाहिली, एकदा सोफा पाहिला, पदर तोंडाला लावला आणि मॅडमना म्हणाल्या, "बड़ा ख़ूबसूरत काम है. किससे बनवाया?"

मॅडम फुलून आल्या. "हमारी एक बाई है. हमने ही उसको डिज़ाइन बताया."

साहेब तसेच स्कूटरवाल्यांच्या गर्दीतून, पानवाल्यासमोरून, उघड्या जीपमधून घरी गेले. रस्त्यात त्यांना कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. तेव्हा डिझाइन माझं झालं होतं.

"नाक कापलंस, कुंदा. पुण्यात मी असं काम एक दिवसही चालू दिलं नसतं."

"मॅडम, मला ठाऊक नव्हतं."

"आणि पैसे कसले मागतेस गं?"

मी मागितले नव्हते. पण ते मिळाले नाहीत ते नाहीतच. कव्हरं बोचक्यात बांधून त्यांनी दाराबाहेर ठेवली. मराठी मंडळात ही बातमी दोन दिवसांत पोचली. यांच्या बँकेत त्याही आधी. कामं थांबली. दसरा जवळ आला होता, डाळीच्या डब्यात डाळ होती आणि घरात निळ्या कैऱ्यांचे अडीच गठ्ठे.

शेवटी एका सकाळी मी बोचकं उचललं आणि आपांच्या फाटकातून आत गेले, पुढच्या बाजूने. आपा तांदूळ निवडत होत्या. मी पैशांचं बोलायला गेले होते. तोंडातून निघालं, "आपा, यह कपड़ा ख़राब निकला."

आपांनी कव्हर हातात घेतलं, पाहिलं, उलटलं. मग साहेबांच्या पाठीची गोष्ट मी सांगितली. आपांचा चेहरा तसाच होता. त्यांनी नसरीनला हाक मारली, "ज़रा इधर आना, बेटा, कुंदा ख़ाला से सुनो." मला परत सांगायला लावलं. मग मात्र दोघी मायलेकी अशा हसल्या की सुपातले तांदूळ अंगणभर झाले.

"अरे पगली, यह छपाई है! कच्चे नील की. कारीगर इसी लकीर पर टाँका लगाती है. काम पूरा हुआ तो धो डालते हैं, नील उड़ जाता है."

"दुकानदार ने बोला नहीं."

"वह क्या बोले? लखनऊ में यह कौन नहीं जानता?"

खरंच आहे. मीठ खारट असतं असं वाणी सांगत नाही. मी ते कापड इतके दिवस घरात ठेवून होते आणि वीस पावलांवर ज्यांनी एका नजरेत सांगितलं असतं, त्यांचं तोंड चुकवायला मी उकिरड्यावरून फिरत होते.

आपांनी स्वतः मोठं घमेलं काढलं. आम्ही तिघी नळावर बसलो. पाणी निळं व्हायचं, ओतायचं, परत निळं. हळूहळू कापड पांढरं झालं आणि त्यावरचे टाके असे वर आले की मीच ओळखलं नाही. कैरीच्या पोटात बारीक जाळी होती, ती निळ्याखाली दिसलीच नव्हती. तोच माल, तीच मी. त्या जेवणाच्या आधी धुतलं असतं तर.

पैशांचं बोलणं त्या दिवशीही झालं नाही. निघताना आपांनी विचारलं, "दुश्मनों की तबीयत?"

मग मिसेस निगमांचा निरोप आला, यांच्या हाती, बँकेतून. ज्या बाईने ते काम केलं तिला पाठवा. मला वाटलं, कुर्त्याची किंमत मागणार. हज़रतगंजमागे त्यांचा फ्लॅट होता. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, चांगल्या कपात चहा दिला आणि म्हणाल्या, "वही काम चाहिए. बस, इस बार धुलवाकर." आणि परत पदर तोंडाला लावला. त्यांच्या मुलीला सासरी द्यायला टेबलक्लॉथ, अभ्रे, चहाच्या ट्रेवरचे रुमाल, सगळा संच. अडीच गठ्ठे त्यातच संपले. मी दिवस-रात्र बसून शिवलं, कडांना बारीक लेस लावली, नेऊन दिलं. त्यांनी प्रत्येक रुमाल डोळ्यांना लावला. "माशाअल्लाह! हिसाब हो जाएगा."

हिसाब झाला नाही. मी गेले की चहा यायचा, खस्ता कचोरी यायची, पैसे यायचे नाहीत. मला वाटलं, इथली रीत आता मला आली आहे, तीच वापरावी. मी म्हटलं, "मॅडम, तबीयत कैसी है?" त्यांनी सांगितली. आधी गुडघे सांगितले, मग बी.पी., मग नणंदेच्या पित्ताशयातले खडे. दुसऱ्या खेपेला परत विचारलं, तर खड्यांचं ऑपरेशन सांगितलं. त्या बाईंच्या घराण्यातलं एकही दुखणं आता मला ठाऊक नाही असं नाही. पैशांचं दुखणं माझ्यातच राहिलं.

लग्नाला थोडे दिवस उरले होते. मी सकाळी दारात आले तर आपांच्या ओसरीवर एक माणूस बसलेला. चौकातला सोनार. नसरीनचे झुमके तयार होते, पैशांची बाकी द्यायची राहिली होती, आणि तो झुमके खिशात ठेवून चहा पीत होता. आपा त्याला म्हणत होत्या, "और लीजिए, जनाब. बिस्किट तो लिया ही नहीं आपने." सोनार म्हणत होता, "आपकी तबीयत कैसी है, बाजी?" आपा म्हणाल्या, "शुक्र है." त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. फक्त बिस्किटांची तीच बशी त्यांनी परत त्याच्यापुढे सरकवली.

मी चप्पल घातली आणि शेअरचा टेम्पो पकडून हज़रतगंजला गेले.

मिसेस निगम म्हणाल्या, "आइए, आइए. चाय?"

मी उभीच राहिले. आयुष्यात मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. माहेरी वाढीव पोळी मागितली नाही, सासरी तर नाहीच.

"चाय नहीं, मॅडम. मेरे पैसे दे दीजिए. आज. पूरे."

मला वाटलं, आता यांची नोकरीही गेली. मग त्या उठल्या, आत गेल्या आणि मोजून सगळे पैसे घेऊन आल्या.

"आपने पहले कहा क्यों नहीं? हम तो समझे, आप हमारी तबीयत पूछने आती हैं."

मी परत आले तेव्हा सोनार अजून बसलेला होता. तिसरा कप चालू असावा. मी त्याच्यासमोरच आपांच्या हातात पैसे ठेवले आणि म्हटलं, "आपा, मशीन के पैसे. ढाई हज़ार." दोन वर्षांत पहिल्यांदा तो आकडा आमच्यापैकी कोणी तरी मोठ्याने बोललं होतं.

"कौन से पैसे?" आपा म्हणाल्या. "तुम भी न, कुंदा. ऐसी क्या जल्दी थी?"

आणि जिभेला बोट लावून त्यांनी ते मोजले. मग सोनाराकडे पाठ करून परत एकदा मोजले, एक जुनी नोट उजेडाकडे धरून पाहिली, आणि मान हलवली. पूर्ण होते.